भुलीचा धोका, थांबण्याचा धोका

तुम्ही म्हणता, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला भूल देणं अधिक जोखमीचं, म्हणून जिवावर बेतलं असेल तेव्हाच ती द्यावी. टॉन्सिल, किडके दात यांचं पुढे पाहू. जोखीम मला मान्य आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. सेव्होफ्लुरेनची भूल चढताना त्यांची नाडी मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं आणि श्वासनलिका अरुंद असल्यामुळे वयावरून निवडलेली नळी अनेकदा मोठी ठरते. पण यातलं काहीच अवचित येत नाही. हृदयाचा टूडी इको आधी होतो, मंदावलेल्या नाडीसाठी ॲट्रोपिन भरून ठेवता येतं, लहान मापाची नळी टेबलावर मांडून ठेवता येते. उलट, थांबण्याचा धोका कुणी मोजतच नाही. यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचा श्वास झोपेत अडतो. रात्रीमागून रात्री प्राणवायू घसरत राहिला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढू शकतो, आणि भूलतज्ज्ञाला खरी धास्ती त्या दाबाचीच. आज भूल टाळून जपलेलं मूल उद्या अधिक अवघड भुलीसाठी टेबलावर येतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरही काहींचा श्वास अडतच राहतो, हा तुमचा आक्षेप खरा आहे. तो आईवडिलांना आधीच सांगावा, त्या रात्री मुलाला देखरेखीखाली ठेवावं. पण तेवढ्यावरून शस्त्रक्रियाच निरर्थक ठरत नाही.

मग निदान मानेचा एक्स-रे सरसकट काढावा, असं तुम्ही सुचवाल, कारण वरचे दोन मणके सैल असू शकतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2011 मध्ये लक्षणं नसलेल्या मुलांसाठी असा सरसकट एक्स-रे सुचवला नाही, कारण पुढचा धोका त्यातून नीट कळत नाही. स्वच्छ फिल्म पाहून मान हाताळणारा हात बेफिकीर व्हावा, हे मला जास्त भयंकर वाटतं. चाल बदलली का, लघवीवरचा ताबा सुटला का, हे विचारावं आणि प्रत्येक मुलाची मान सरळ, स्थिर ठेवावी.

फुप्फुसातला दाब आधीच फार वाढलेला असेल, तर दातासाठी थांबणं योग्यही ठरेल. मात्र तो निर्णय त्या मुलाच्या इकोवरून व्हावा, सिंड्रोमच्या नावावरून नव्हे. लहान रुग्णालयाने ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणणं प्रामाणिकपणाचंच आहे. पण त्यासोबत मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी, इकोचा अहवाल आणि ठरलेली तारीख आईवडिलांच्या हाती द्यायला हवी.