आज्ञाधारक मूल आणि जागरूक नागरिक

मुलासाठी शाळा निवडताना आपण पालक बहुधा पहिला प्रश्न विचारतो, 'शिस्त कशी आहे?' प्रश्न रास्त आहे. परंतु ही शिस्त कशासाठी, हे आपण क्वचितच विचारतो. 61 व्या घटनादुरुस्तीमुळे 1989 पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. ज्याला शाळेत कधी प्रश्नच विचारू दिला नाही, त्याने त्या दिवसापासून राज्यकर्त्यांना जाब विचारावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

पैठण रस्त्यावरील चितेगावचेच पाहा. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे नाव दूरवर पोहोचले. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारखान्यांचे दिवस फिरतात. पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती हे प्रश्न मात्र गावातच राहतात. शिवाय अशा उद्योगी गावात पोटासाठी बाहेरून आलेली कुटुंबेही असतात. शेतमालकाचे मूल आणि भाड्याच्या खोलीतील कामगाराचे मूल शाळेत एका बाकावर बसते. 'हे गाव कोणाचे?' या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या बाकावरच मिळायला हवे.

महाराष्ट्रातील शाळांत 26 जानेवारी 2020 पासून संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन अनिवार्य झाले. उपक्रम स्तुत्य आहे. पण अर्थ न उमगता केलेले पठण हेही केवळ आज्ञापालनच ठरते. प्रजासत्ताकदिनी मुले झेंडावंदन करून, खाऊ घेऊन घरी परततात. अनेक गावांत त्याच दिवशी ग्रामसभा भरते. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने जिला घटनेत स्थान दिले, ती हीच सभा. वरच्या वर्गांतील मुलांना शिक्षकांनी श्रोते म्हणून तेथे का नेऊ नये? त्यांना मत देता येणार नाही. परंतु जमाखर्च कसा मांडला जातो, कोण बोलतो, कोणाला गप्प बसवले जाते, हे ती पाहतील आणि वर्गात त्याविषयी बोलतील.

यातून शाळेत राजकारण शिरेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच शिक्षकाने आपला पक्ष सांगू नये. माहिती पडताळून पाहावी कशी, विरोधी मत ऐकावे कसे आणि प्रश्न नम्रपणे पण न घाबरता विचारावा कसा, एवढेच शिकवावे. आज्ञापालन हा सद्गुण खराच. परंतु विवेकाची जोड नसेल तर तो अन्यायाच्याही कामी येतो. तेव्हा मूल घरी येऊन 'असे का?' विचारू लागले, तर त्याला उद्धट ठरविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. कदाचित शाळा आपले काम चोख करीत असेल.