थांबून पाहा



नव्याने धम्मात आलेली माणसे पुष्कळदा विचारतात, ‘भगवंतांनी जगात दुःख आहे म्हटले, सारे अनित्य म्हटले. मग बौद्धाने फूल, पाऊस, चांदणे यांत मन घालावे काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर तथागतांच्या अखेरच्या दिवसांत सापडते.

महापरिनिब्बान सुत्तातील वैशालीचा प्रसंग पाहा. तथागतांचे वय ८० वर्षांचे. वर्षावासात मोठे आजारपण येऊन गेलेले. शरीर जुन्या गाड्यासारखे कसेबसे चाललेले. अशा वेळी चापाल चैत्यापाशी बसून ते आनंदाला वैशालीचे सौंदर्य सांगतात. तेथील एकेका चैत्याचे नाव घेऊन ते रमणीय असल्याचे सांगतात. पुढे वैशाली कायमची सोडताना, हत्ती जसा सारे अंग वळवून पाहतो तसे वळून त्यांनी त्या नगरीकडे अखेरचे पाहिले. मग ते पुढच्या वाटेला लागले. डोळे भरून पाहिले, पण अडकले नाहीत. आसक्ती निराळी आणि पाहणे निराळे, हे येथे कळते.

आता आपले घर पाहा. सकाळी कामाची पाळी गाठायची, मुलांना शाळेत धाडायचे, म्हणून वंदना घाईत उरकते. फूल वाहिले जाते. पण त्याचा रंग कोणी विचारला तर सांगता येत नाही. फूल कोमेजते तसा हा देहही नाश पावतो, हा पुष्पपूजेचा बोध आहे. ज्याने फूल पाहिलेच नाही, त्याला त्याचे कोमेजणे तरी काय शिकवणार?

आणि गोष्ट फुलापाशी संपत नाही. थेरगाथेतील सुनीत थेर आठवा. हीन मानलेल्या कुळातला जन्म, दारिद्र्य, आणि कोमेजलेली फुले उचलून टाकण्याचे काम. लोक त्यांचा तिरस्कार करीत. एके दिवशी संघासह येणारे तथागत त्यांना दिसले. सुनीतांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि ते वंदनेला पुढे झाले. तथागत त्यांच्यासाठी थांबले, आणि त्यांना संघात घेतले. सारे नगर ज्यांच्याकडे तुच्छतेने पाहत होते, त्यांच्यातला माणूस त्या थांबण्यामुळे दिसला. थांबून पाहणे हीच करुणेची पहिली पायरी होय.

म्हणून एवढे करा. उद्या फूल वाहण्याआधी क्षणभर ते नीट पाहा. पाण्याचा तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा २० मार्च १९२७ चे महाड आठवा आणि सावकाश प्या. त्या गारव्यासाठी आपल्या माणसांना लढावे लागले आहे. रात्री जेवताना भाकरी थापणारे हात पाहा. कदाचित त्यांवर चटका असेल आणि आपल्याला तो ठाऊकही नसेल. म्हाताऱ्या आईच्या चेहऱ्याकडे बोलता बोलता नीट बघा. हे सारे अनित्य आहे, म्हणूनच आज पाहायचे आहे.

याला पैसा लागत नाही, पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही. लागते ती जागृत स्मृती. ती ज्या घरात आहे, त्या घरात धम्म नांदतो.

सर्वांचे मंगल होवो.