सोसायचे कोणी?

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची इतकी दाटी झाली आहे की ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ ही चिठ्ठी विजेच्या खांबापासून चहाच्या टपरीपर्यंत कुठेही चिकटवलेली दिसते. चौघांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या फ्लॅटमध्ये आठ-दहा लोखंडी कॉट लागतात. कोणी पहाटे उठून अभ्यासिका गाठतो, कोणी रात्री उशिरा तिथून परततो. बाथरूमला पाळी लागते, बादली आपटते, मेसचा डबा पुरला नाही म्हणून अकरा वाजता कुकर चढतो, आणि कॉट जरा सरकवली की तिचा पाय फरशीवर खरवडतो. तो आवाज खालच्या मजल्यावर छतातून थेट उशाशी उतरतो. यांतल्या कोणालाही शेजाऱ्याला छळायचे नसते. तरी खालच्या घरातली झोप उडायची ती उडतेच. अशा वेळी धर्म काय सांगतो? सोसावे, की थांबवायला लावावे?

उत्तरासाठी बहुतेकांचा हात गीतेच्या बाराव्या अध्यायाकडे जातो. ज्याच्यामुळे लोक त्रासत नाहीत आणि जो लोकांमुळे त्रासत नाही तो भक्त देवाला प्रिय, असे तिथे सांगितले आहे. त्यावर ज्ञानेश्वरांनी समुद्राचा दाखला दिला आहे: त्याच्या गर्जनेची जलचरांना भीती वाटत नाही आणि जलचरांच्या गर्दीला समुद्र कंटाळत नाही. यात लांब अंतरावर राहणारे, एकमेकांना नमस्कार करून मोकळे होणारे दोघे नाहीत. एकाच्या पोटातच दुसऱ्याचा संसार आहे. पेठेतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना याहून नेमका दाखला मिळणार नाही. मात्र व्यवहारात आपण या वचनाची वाटणी करून घेतो. गोंगाट करणारा दुसरा अर्धा उचलतो आणि ‘काका, थोडं ॲडजस्ट करा’ म्हणतो. त्रासलेला पहिला अर्धा उचलतो आणि ‘तुमच्यामुळे जगणं मुश्कील झालंय’ म्हणतो. दोन्ही अर्ध्यांनी एकाच माणसाचे वर्णन केले आहे, हे दोघेही विसरतात. ते लक्षण प्रत्येकाने स्वतःला लावून पाहायचे आहे. शेजाऱ्याकडून त्याची वसुली करता येत नाही.

म्हणूनच सहनशीलतेचा उपदेश मला नेहमी संशयास्पद वाटतो. या उपदेशाच्या बाजूने नाथांची कथा हमखास सांगितली जाते. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा नदीवर गेले. कथा थोर आहे, पण तिचे थोरपण कशात आहे? सोसण्याचा निर्णय नाथांनी स्वतः, स्वतःपुरता घेतला. थुंकणाऱ्याने ‘संत असाल तर सोसा’ असे म्हटले असते तर तो निव्वळ उद्दामपणा झाला असता. हृदयविकाराच्या रुग्णाला, रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला नाथांचे उदाहरण ऐकवणारा माणूस धर्म सांगत नसतो, स्वतःची सोय पाहत असतो. आणि आपल्याकडच्या संतांना शांततेची किंमत ठाऊक नव्हती असेही नाही. टाळमृदंगाच्या गजरात कीर्तन करणारे तुकोबा चिंतनासाठी देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जात. एकांत ही माणसाची खरी गरज आहे. ज्याला डोंगर गाठणे शक्य नाही, त्याला ती घरातच भागवावी लागते.

मग सगळाच आवाज बंद करायला लावायचा का? इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. काही आवाज जगण्याचे असतात: खोकला, बाळाचे रडणे, भांडी, पाणी, जिन्यावरची पावले. काही आवाज हौसेचे असतात: मध्यरात्रीचा स्पीकर, गच्चीवर मोठमोठ्याने चाललेल्या गप्पा, मोबाइलवरची मॅच. कसोटी सोपी आहे. जो आवाज कमी केल्याने कोणाचे जगणे कमी होत नाही, तो कमी केलाच पाहिजे. कायद्याचा रोखही बराचसा याच दिशेने आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबलची मर्यादा घातली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याला सक्तीचा श्रोता करण्याचा हक्क कोणालाही नाही, असे स्पष्ट केले. पण खोकल्याला ध्वनिवर्धक नसतो. तिथे कायद्याचे काम संपते आणि शेजारधर्माचे सुरू होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कानाला हेतू कळत नाही, कुकरने मोडलेली झोप स्पीकरने मोडलेल्या झोपेइतकीच मोडते, मग या भेदाचा त्रासलेल्याला उपयोग काय? इजा सारखीच होते, हे मान्य. पण मागणी कोणाकडे आणि कोणत्या सुरात करायची, हे या भेदावरच ठरते. स्पीकरवाल्याला ‘बंद कर’ म्हणता येते. दहाजणांच्या पाळीत अंघोळ करणाऱ्याला ‘अंघोळ करू नकोस’ म्हणता येत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहाउअर याने, माणूस किती आवाज सहन करतो यावरून त्याची बुद्धी किती कमी ते कळते, अशा अर्थाचे मत मांडले होते. मला ते चूक वाटते, घातकही वाटते. आवाजाच्या तक्रारीत माणसाविषयीचा तिरस्कार किती सहज मिसळतो, याचाच तो नमुना आहे. पलीकडे दहाजण दाटीने राहतात ते असंस्कृत म्हणून नव्हे. बीड, नांदेड, धुळ्याहून आलेल्या मुलाला पुण्यात एका कॉटपलीकडे जागा परवडत नाही, म्हणून राहतात.

दाटी हाच गुन्हा मानला की काय होते, हे या शहराने 1897 मध्ये भोगले आहे. प्लेग आला, दाट वस्तीच्या अंधाऱ्या घरांवर ठपका आला, आणि इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग समितीचे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. लोक रुग्ण लपवू लागले. आजच्या सोसायट्यांच्या ‘बॅचलर्सना जागा नाही’ या ठरावांची तीव्रता अर्थातच तेवढी नाही, पण विचाराची चूक तीच आहे. ज्याने स्पीकर लावला त्याला न धरता अख्ख्या जमातीला दार बंद. त्याचा परिणामही ओळखीचाच: घरमालक कॉटची संख्या लपवतो.

आणि हा घरमालकच या भांडणात कधी समोर येत नाही. दहा कॉटचे भाडे तो घेतो, राहतो मात्र कोथरूडला किंवा बाणेरला. गर्दीचा नफा त्याचा, गर्दीचा आवाज खालच्या आजोबांचा आणि शिव्या मुलांना. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना सहनशीलता शिकवत बसतात तोवर त्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून शेजारधर्माचा पहिला हिशेब त्याच्याशी व्हायला हवा. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत बॅचलर्सविरुद्धचा ठराव मागे घ्यावा. त्याऐवजी अकरा महिन्यांच्या करारात कॉटची कमाल संख्या लिहून घ्यावी आणि प्रत्येक कॉटच्या पायांना रबरी बुचे बसवण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. आणि वरच्या मुलांची नावे ज्यांना अजून माहीत नाहीत, त्यांनी तक्रार लिहिण्याआधी एकदा वर जाऊन ती विचारावीत.