घास घेण्यापूर्वीचा निश्चय

आपल्या आचारधर्मात अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि नामस्मरण यांचा उल्लेख एकत्र येतो. त्यांपैकी विजन व स्मरण यांवर पुष्कळ निरूपण होते. भोजनाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. भूक लागली, अन्न मिळाले, जेवलो. यात निरूपण ते काय करावयाचे, असे वाटते. परंतु ज्या मालिकेत विजन आहे त्याच मालिकेत भोजन आहे. म्हणजे भोजन हाही आचारच होय. आणि आचार म्हटला की निश्चय आधी व क्रिया मागून असावी लागते. क्रिया आधी झाली आणि मग तिचे समर्थन शोधले, तर तो आचार नसून रसनेची चाकरी होय.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्या साधकास चारी वर्णांच्या घरी भिक्षा मागावयास लावले. त्यामुळे कुळाचा अभिमान गळतो, हे आपण नेहमी सांगतो. परंतु याच नियमाने आणखी एक गोष्ट साधते. झोळीत एका घरची भाकरी पडते, दुसऱ्या घरचे वरण पडते, तिसऱ्या घरी काहीच मिळत नाही. काय खावे व किती खावे, ही निवड रसनेच्या हातून काढून घेतली जाते. भिक्षुकाचे जेवण त्याची भूक ठरवीत नाही, नियम ठरवितो.

आता वासनिकाचा विचार करू. त्याच्या घरी डबे भरलेले, फ्रीजमध्ये कालचे गोड शिल्लक, आणि दाराशी फरसाणाचे दुकान. त्याच्यापुढे निवडीचे दार दिवसभर उघडे असते. आणि खरे बोलावयाचे तर आज पुष्कळ आश्रमांतही स्वयंपाकघर आहे, कोठार आहे आणि आमंत्रणेही आहेत. म्हणून झोळीने जे काम केले असते, ते आता प्रत्येकाने आपल्या निश्चयाने केले पाहिजे. सकाळी मन शांत असता आज किती वेळा जेवावयाचे, केव्हा आणि साधारण किती, हे ठरवावे. भूक खवळल्यावर विचार करू म्हणणारा विचार करीत नाही. त्याच्या वतीने जीभच निकाल देते.

हा निश्चय कसा असावा? श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी १६व्या व १७व्या श्लोकांत याचे माप घालून दिले आहे. अतिशय खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. आहार, विहार, निद्रा व जागरण यांत जो युक्त राहतो त्याचेच दुःख हरते. वैद्यकशास्त्रही हेच सांगते. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने व एक पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे म्हटले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात उष्ण व मात्रेत जेवावे, फार घाई करू नये, बोलत-हसत जेवू नये, जेवणात मन ठेवून जेवावे, असा विधी आहे. पोट भरल्याची जाणीव होण्यास काही वेळ लागतो. घाईने जेवणारा त्या जाणिवेच्या आधीच दुसरी वाढ घेऊन मोकळा होतो. हातात मोबाईल धरून जेवणाऱ्यास तर पहिला घास कोणता आणि शेवटचा कोणता, हेही कळत नाही. ज्याला घासाचे भान नाही, त्याला घासाघासास स्मरण कोठून घडणार?

येथे एक अडचण उभी राहते. वासनिक प्रेमाने उपहार करतो, पंगत बसते आणि आग्रह सुरू होतो. नको म्हणावे तर यजमानाचे मन दुखावते, घ्यावे तर नियम मोडतो. यावर उपाय असा की पान वाढण्यापूर्वीच आपले माप नम्रपणे सांगावे. आणि यजमानानेही, किती वाढू, एवढे एकदा विचारून थांबावे. साधूच्या पानात न मागितलेला लाडू टाकणे ही सेवा नव्हे. त्याचा नियम सांभाळणे ही सेवा होय. साधकानेही नियमाचा हट्ट करू नये. माझे पथ्य असे आहे म्हणून रांधणाऱ्या माउलीवर जो डाफरतो, त्याने पोट राखले, पण अहिंसा गमावली.

कधी नियम मोडेलही. तेव्हा मनात विकल्प येतो की आज मोडलाच आहे, तर आता मनसोक्त खावे, उद्यापासून पाहू. पहिल्या चुकीपेक्षा हा विकल्प अधिक घातक आहे. एक भाकरी अधिक खाल्ली तर तेवढीच हानी झाली. परंतु विकल्पाच्या हाती दिवस दिला तर निश्चयच मेला. पुढल्या जेवणास पुन्हा मापावर यावे. दंड म्हणून उपाशीही राहू नये. तो अतिरेकाला दिलेला दुसरा अतिरेक होय. मधुमेहादी व्याधी असणाऱ्यांनी तर वैद्याने सांगितलेली वेळ व मात्रा हाच आपला नियम मानावा. औषध चालू असता जेवण टाळणे हे वैराग्य नव्हे. त्याने जिवावर बेतू शकते. हा मनुष्यदेह परमेश्वरप्राप्तीचे साधन म्हणून मिळाला आहे. त्याची नासाडी करण्याचा अधिकार ना जिभेला आहे, ना हट्टाला.

ताट पुढे आले की क्षणभर थांबावे. परमेश्वराचे स्मरण करावे, ठरविलेले माप आठवावे आणि मग घास उचलावा. दिवसातून दोनदा जेवणारा मनुष्य वर्षात सातशेहून अधिक वेळा ताटावर बसतो. तितक्या वेळा त्याला निश्चय पाळण्याचा अभ्यास घडतो. जो ताटावर स्वतःस आवरू शकला, तो क्रोधाच्या व लोभाच्या प्रसंगीही स्वतःस आवरू शकेल. हा अभ्यास आजच्या जेवणापासूनच सुरू व्हावा, हीच सर्वांच्या चरणी विनंती.