सोबत्यांच्या मेळ्यात प्रभू आहे काय?

शास्त्रभाग: लूक २:४१–५२



वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांस सुटी पडली, म्हणजे वसईच्या मुलखात घरोघर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. आमच्या रोमन कॅथलिक शेजाऱ्यांत उपवासकाळी लग्ने होत नाहीत. ईस्टर सरला की ती होऊ लागतात, आणि दूर गेलेले लेकी-लेक आपापल्या वाडीत परततात. नालासोपारा व विरार येथे येऊन वसलेल्या आमच्या मंडळींची गोष्ट थोडी निराळी आहे. १८६७ साली विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी सुटली. तेव्हापासून हा लोहमार्ग माणसांस पोटापाण्यासाठी नेत-आणीत आला आहे. त्याच्या आधाराने कोकणातून, नगराकडून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे येथे राहिली. त्यांपैकी कोणी मे महिन्यात गावी जातात, तर कोणी गावाकडील आप्तांस इकडे बोलावून घेतात. जांभळे, करवंदे, ताडगोळे मुलांच्या हाती पडतात. रात्री गच्चीवर अंथरुणे घातली जातात, आणि निजता निजता जुन्या गोष्टींस ऊत येतो.

हा आनंद देवाचे दान आहे. बेथलेहेमात दाविदाच्या घराण्याचा वार्षिक यज्ञ होत असे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. ईयोबाचे मुलगे पाळीपाळीने आपल्या घरी मेजवानी करीत व तिघी बहिणींस बोलावीत. आणि मेजवानीचे दिवस संपले की ईयोब पहाटे उठून एकेका लेकरासाठी होमार्पण करी. जुन्या आठवणींत रमणे हे पाप नव्हे.

आपणांस तर या भेटींचे मोल अधिकच वाटले पाहिजे, कारण आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांस त्या मिळाल्या नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पती एकीकडे व पत्नी दुसरीकडे अशी त्या घराची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांजकडे परत आल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ते सारे दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हसत हसत सांगितले आहे. अशा किती घरांची दारे प्रभूच्या नावामुळे बंद झाली! त्या लोकांस प्रभूने मंडळीच्या रूपाने नवे आप्त दिले. आज आपण वीस-पंचवीस जण एका पंगतीस बसतो, ते त्यांनी सोसले म्हणून.

आता शास्त्रभागाकडे वळू. नासरेथाहून येरुशलेम तीन-चार दिवसांच्या चालीवर होते. वल्हांडण सणासाठी गावोगावची माणसे मेळ्याने जात व मेळ्यानेच परतत. येशू बारा वर्षांचा असता त्याचे आईबाप सणास गेले. सण संपवून ती परत निघाली, आणि मुलगा मागे राहिला. तो सोबत्यांमध्ये असेल असे धरून ती एक दिवसाची वाट चालून गेली.

बंधुजनहो, मरिया व योसेफ अधार्मिक नव्हती. ती देवाच्या सणाहूनच परतत होती. त्यांनी प्रभूस नाकारले नाही, टाकले नाही. केवळ तो असेलच असे गृहीत धरिले. मेळा आपलाच आहे, चुलते-मावश्या आहेत, शेजारी आहेत, मग तो जाणार कोठे? आपलेही असेच होते. आजोबांचा विश्वास होता, आजी प्रार्थना करी, घराच्या भिंतीवर वचन लाविले आहे. तेव्हा प्रभू आपल्या मेळ्यात असणारच, असे आपण मानून चालतो. आठवण गोड असते, आणि तिच्या गोडीत मागे वळून पाहण्याचे राहून जाते.

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट सांगतो. ती माझ्याच दोषाची आहे. विरार येथे माझ्या धाकट्या भावाकडे आम्ही बावीस माणसे जमलो. आमचे आजोबा नेवासे तालुक्यात एका खेड्यात उपदेशक होते. रोज दिवेलागणीनंतर ते कंदिलापाशी बसून शास्त्र वाचीत. आम्ही मुले पेंगू लागलो की आजी आमच्या तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडवी. ही गोष्ट त्या तीन दिवसांत दहा वेळा सांगितली गेली, आणि दहाही वेळा आम्ही हसलो. शेवटच्या रात्री सामान बांधताना भावाची लहान मुलगी मला म्हणाली, “काका, पणजोबांची प्रार्थना तुम्ही सगळे सांगता, पण आपण ती कधी करायची?”

मी पाळक, तीन दिवस त्या घरात होतो, आणि एकदाही शास्त्र उघडले नव्हते. सर्वांस बोलावून मी प्रार्थना घेतली. प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणताना, आपल्या ऋण्यांस सोडण्याविषयी जेथे येते तेथे माझा शब्द अडला. आमचा थोरला चुलतभाऊ, ज्यास आम्ही दादा म्हणतो, तो त्या मेळ्यात नव्हता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याच्याशी आमचा वाद होता. बोलावण्याची यादी मीच केली होती, आणि त्याचे नाव मीच गाळले होते. “तो कोठे येणार होता?” असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करून घेतले होते.

मरिया व योसेफ यांनी आप्तांत व ओळखीच्यांत शोध केला. तेथे तो सापडेना, तेव्हा ती आलेल्या वाटेने परत फिरली. पुढे गेलेली वाट पुन्हा तुडविल्यावाचून त्यांस गत्यंतर नव्हते. मलाही नव्हते. पुढच्या सोमवारी रात्रीच्या एस. टी.ने मी गावी गेलो. दादा ओट्यावर बसला होता. पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेविला. मी क्षमा मागितली. विहिरीचा वाद त्या दिवशी मिटला नाही. आजही तो पुरता मिटलेला नाही. परंतु सांजवेळी दादाने फडताळातून आजोबांचे शास्त्र काढून माझ्यापुढे ठेविले, आणि म्हणाला, “वाच.” या वर्षीच्या यादीत पहिले नाव त्याचे आहे.

म्हणून या दिवसांत तीन गोष्टी करा. पहिली, पाहुणे आले त्याच संध्याकाळी शास्त्र उघडा. निरोपाच्या घाईवर ते टाकू नका. लेकरांस आजोबांची गोष्ट सांगाल तेव्हा आजोबांच्या देवाचीही सांगा. दुसरी, पंगत बसण्यापूर्वी कोण नाही ते पाहा. जो भाऊ रुसला आहे, जी विधवा आत्या स्वयंपाकघरातच जेवते, ज्यास गरिबीमुळे येण्याची लाज वाटते, त्यास बोलावणे पाठवू नका, स्वतः जा. तिसरी, जे आप्त अजून प्रभूचे झाले नाहीत त्यांच्या भेटीस आनंदाने जा. पंगतीत वाद घालू नका; वडीलधाऱ्यांस मान द्या, त्यांच्या दुखण्याखुपण्यात हात लावा. तुमच्या वागण्यात त्यांस प्रभू दिसू द्या.

उपदेशक बंधूंनो, मे महिन्यात उपासनेस माणसे थोडी येतात म्हणून खिन्न होऊ नका. मंडळी घराघरांत जमली आहे. शास्त्र घेऊन तुम्हीच तिकडे जा. ज्या घरी वर्षभर दोघेच असतात, तेथे या महिन्यात वचन ऐकावयास वीस जण मिळतील.

शेवटी हे ध्यानात धरा. मंदिरात सापडलेला प्रभू आईबापांस सोडून तेथेच राहिला नाही. तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. जे त्याला शोधावयास मागे फिरतात, त्यांच्याबरोबर तो घरी येतो. या उन्हाळ्यात तो तुमच्या घरी येवो, आणि पुढे तुमची लेकरे जी आठवण सांगतील तीत त्याचेही नाव असो. आमेन.