ओरडली का नाहीस?

शहापूर-मुरबाडच्या शिवारात भातकापणी आटोपली की खाचरांतले उंदीर उघडे पडतात. घारीची सावली सरकताच एखादा बिळाकडे धावतो, तर दुसरा जागीच दगडासारखा थिजतो. त्यास भित्रा म्हणावे काय?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लिंडसे सालाय, अँड्र्यू ह्यूबरमन व सहकाऱ्यांनी अशीच सावली प्रयोगशाळेतील उंदरांवर पाडली. ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग असतो. डोळे, कान, त्वचा यांचे संदेश पुढे धाडणारा तो जणू नाकाच. (गंध मात्र हा नाका चुकवूनच आत शिरतो, ही निसर्गाची गंमत!) त्यातील चेतापेशींचा एक समूह भीतीशी संबंधित अमिग्डालाकडे संदेश धाडतो, तो चेतविला की उंदीर अधिक थिजतो. शेजारचा समूह मेंदूच्या पुढील भागाशी जोडलेला आहे. तो चेतविला की उंदीर शेपटी आपटत सावलीस सामोरा जातो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मेंढीचे उदाहरण घेतले होते. लांडगा दिसताच मेंढी पळते; तो निवाडा निसर्गाचा, स्वातंत्र्याचा नव्हे. मनुष्य मात्र बुद्धीने तोलून कृती करतो. हे खरेच, परंतु तोलावयास वेळ लागतो, आणि बिबट्या तो देत नाही. उंदरावरील प्रयोग माणसास जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि थॅलॅमस माणसालाही आहे.

१९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा खटला पोलिसांवर चालला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. देशभर संताप उसळला. १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हे कायद्यात स्पष्टपणे यावयास २०१३ उजाडले.

गावाची जीभ मात्र तीच राहिली. ‘ओरडली का नाहीस?’ असे आईदेखील विचारते, तेही मायेपोटी. मग ती मुलगी आपले थिजणे हेच पाप समजू लागते. पापास पूर्ण जाणीव व स्वेच्छा लागते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले पोरही सांगेल. देह गोठला त्या क्षणी तिची स्वेच्छा कोठे होती? ज्याने दाराला आतून कडी घातली, त्याला मात्र तोलावयास पुरेसा वेळ होता.