उरलेला दोरा कोणाचा?

आपल्या बहुतेक घरांत एक पेटी असते. कुणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कुणाकडे कपाटाचा सर्वांत खालचा खण, तर कुणाकडे पलंगाखाली सरकवलेली पिशवी. तिच्यात भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या असतात, लोकरीचे लहानमोठे गुंडे असतात, सुया असतात. क्रॉस स्टिचने भरायला घेतलेले प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र असते. त्यात बारांपैकी सात प्रेषित भरून झालेले असतात आणि उरलेले पाच अजून ग्राफच्या कागदावरच वाट पाहत असतात. शेजारी एका बाळाचा स्वेटर असतो. त्याची पाठ विणून झालेली असते, बाह्या व्हायच्या असतात. ते बाळ मात्र आता शाळेत जाऊ लागलेले असते.

आणि तरीही बाजारात गेल्यावर नव्या रंगाची लडी पाहून आपला हात पुढे होतो.

असल्या बारीकसारीक गोष्टीचा श्रद्धेशी काय संबंध, असे कुणी विचारील. आम्हांला वाटते, संबंध आहे. मोठ्या मोहांच्या वेळी आपण सावध असतो. आपल्या मनाची खरी ठेवण अशा लहान पेट्यांतूनच दिसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हातात सुई धरणे हे चांगले काम आहे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री लोकर आणि ताग शोधून आणते आणि आपल्या हातांनी आनंदाने काम करते. तिचेच हात पुढे गरिबांसाठीही उघडतात. दोरा विकत घेणे हे काही पाप नव्हे. कधी कधी तो एकदम घ्यावाच लागतो. लोकर रंगवताना प्रत्येक घाण्याचा रंग थोडा वेगळा उतरतो. निम्मी आज घेतली आणि निम्मी तीन महिन्यांनी, तर नंबर तोच असूनही स्वेटरच्या छातीवर पट्टा उमटतो. म्हणून जाणत्या बायका एका कामाची सगळी लोकर एकदम घेतात. याला हाव म्हणता येणार नाही.

एकाच वेळी दोन कामे हाती असणे हाही चंचलपणा नव्हे. क्रॉस स्टिचला चांगला उजेड लागतो, टाके मोजावे लागतात, डोळा ग्राफवर ठेवावा लागतो. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी चुकते. साधे सुलट-उलट विणकाम मात्र विरार लोकलमध्ये बसून होते, दवाखान्याच्या बाकावर होते, पाहुण्यांशी बोलता बोलताही होते. एका शेगडीवर भात आणि दुसरीवर कालवण, तसेच हे. एक काम डोळ्यांचे आणि एक काम हातांचे. दोन्ही पुढे सरकत असतील तर तक्रार कसली?

अडचण सुरू होते ती दोनांची सात झाल्यावर. सातांतले एकही पुढे सरकत नाही आणि आठव्याचे सामान मात्र घरी येते.

येथे थोडा हिशेब मांडून पाहू. चौदा काउंटच्या आयडा कापडावर एका इंचात १४ फुल्या येतात. चित्र १० इंच रुंद आणि ८ इंच उंच असेल आणि ते पूर्ण भरायचे असेल, तर एकूण १५,६८० फुल्या होतात. तासाला १०० फुल्या धरल्या तर सुमारे १५७ तास लागतील. रोज न चुकता एक तास दिला तरी पाच महिन्यांहून अधिक. अशी चार चित्रे पेटीत असतील, तर जवळजवळ पावणेदोन वर्षांचे काम तेथे पडून आहे. ८ मीटरची सहा पदरी लडी आपण काही मिनिटांत विकत घेतो. तिला लागणारे तास मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८-३०) प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. पाया घालण्यापूर्वी त्याने बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर अर्धवट बुरूज पाहून लोक हसतील. प्रभू तेथे शिष्यत्वाविषयी बोलत आहे. पण जो माणूस लहान कामाचा हिशेब करत नाही, तो मोठ्या कामाचा कुठून करणार?

त्याच शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याचा दाखलाही (१२:१६-२१) आपल्याला ठाऊक आहे. अमाप पीक आले, तेव्हा त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले. त्याला मूर्ख का म्हटले? पीक चांगले आले हा काही त्याचा दोष नव्हता. धान्य मोजता मोजता त्याने पुढची पुष्कळ वर्षेही आपल्याच मालकीची म्हणून मोजली, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. आपली पेटी त्याच्या कोठाराहून फार लहान आहे, पण तिच्यातही तीच वर्षे साठवलेली असतात. मुले मोठी झाल्यावर, निवृत्तीनंतर, गुडघे बरे झाल्यावर. नवी लडी घेताना दोऱ्याबरोबर आपण पुढच्या मोकळ्या वेळेची आशाही घेत असतो. आशा चांगलीच आहे, पण ती साठवून टिकत नाही.

'पुरे' हा शब्द पवित्र शास्त्रात एका सुंदर ठिकाणी येतो. निवासमंडप उभारताना इस्राएली स्त्रियांनी निळे, जांभळे आणि किरमिजी सूत स्वतः कातून आणले. लोक रोज सकाळी अर्पणे आणत राहिले. शेवटी कारागीर मोशेकडे गेले आणि म्हणाले की कामाला लागते त्याहून जास्त झाले आहे. तेव्हा मोशेने छावणीभर दवंडी पिटवली की आता कुणीही काही आणू नये (निर्गम ३६:५-७). देवाच्या कामासाठीसुद्धा सामान पुरे होते! मग आपल्या पेटीसाठी ते कधीच का पुरे होऊ नये?

साठवलेल्या वस्तूचे काय होते, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे: कसर खाते आणि जंग नाश करतो. आमच्या वसईच्या खाऱ्या, दमट हवेत हे शब्दशः खरे ठरते. मेंढीच्या लोकरीला कसर लागते आणि कापडात टोचून ठेवलेली सुई गंजून तपकिरी डाग पाडते. तो डाग धुऊन सहजासहजी जात नाही. स्वस्त लोकर म्हणून जी आपण घेतो ती बहुधा ॲक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेली असते. तिला कसर लागत नाही, पण फेकून दिली तर ती लवकर मातीतही मिसळत नाही. सुती दोऱ्यामागे विदर्भ-खानदेशातल्या एखाद्या शेतकऱ्याचा घाम असू शकतो. लडी लहान असली तरी तिच्यामागची मेहनत लहान नसते.

मग हा दोरा कोणाचा? पैसे आपण मोजले, तेव्हा आपलाच, असे व्यवहार सांगतो. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप असलेले संत बेसिल यांनी याच श्रीमंत शेतकऱ्याच्या दाखल्यावर प्रवचन देताना वेगळे सांगितले. तुमच्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुष्काळात भुकेल्यांसाठी स्वतः अन्नाची सोय करणाऱ्या माणसाचे हे बोल आहेत. पृथ्वीवरील वस्तू सर्वांच्या उपयोगासाठी आहेत, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तसे पाहिले तर पेटीतला दोरा आपल्याकडे ठेव म्हणून आहे.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. उरलेसुरले संपवायचे म्हणून त्याचे काहीबाही करून गरिबांना द्यायचे, हे बरे दिसते का? आंधळे, लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने खडसावले होते (१:८). स्वतःसाठी उत्तम आणि देवासाठी उरलेले, हा कसला धर्म?

शंका रास्त आहे. पण योहानच्या शुभवर्तमानात (६:१२-१३) पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. त्या बारा टोपल्यांतली भाकर कोणती होती? सर्वांनी पोटभर खाल्ली तीच. उरली म्हणून ती हलकी झाली नाही. लोकरीचेही तसेच आहे. उरलेला गुंडा मूळ गुंड्याइतकाच मऊ असतो. त्याला हलके करतो तो आपला निष्काळजी हात. विटलेले, कुजलेले, टोचणारे दुसऱ्याच्या गळ्यात मारले तर ते मलाखीच्या काळातले अर्पण. उरलेल्यातून निवडून, धुऊन, नीट विणून दिले तर ते त्या बारा टोपल्यांतले.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. सुरू केलेले सर्व काही पूर्ण केलेच पाहिजे का? याचे उत्तर सुईच देते. विणकाम उसवता येते. धागा ओढला की तो सलग निघतो, धुऊन वाळवला की त्याचे वेडेवाकडे वळ पुष्कळसे सरळ होतात आणि नवे काम सुरू करता येते. क्रॉस स्टिच तसे उसवत नाही. दोरा कापावा लागतो आणि हाती फक्त तुकडे येतात. जीवनातल्या बांधिलक्याही अशा दोन प्रकारच्या असतात. काही आपण हौसेने घेतलेल्या असतात. ज्या बाळासाठी स्वेटर होता ते मोठे झाले, तर तो उसवून दुसऱ्या बाळासाठी विणण्यात कसलाही कमीपणा नाही. उलट, तो तसाच पेटीत ठेवून मनाला टोचणी लावत राहण्यात कुणाचेच भले नाही. काही बांधिलक्या मात्र दुसऱ्याला दिलेल्या शब्दाच्या असतात. तेथे सोडून देण्यापूर्वी ज्याला शब्द दिला त्याच्याशी बोलावे. वेदीवस्त्र भरून देण्याचा नवस बोलला असेल आणि आता डोळे साथ देत नसतील, तर धर्मगुरूंना सांगावे. नवसातून मोकळे करण्याची किंवा तो बदलून देण्याची सोय ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. गुपचूप विसरून जाणे ही सोय नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. नवजात बाळाच्या डोक्यातून अंगाची ऊब लवकर निघून जाते, विशेषतः दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या. म्हणून आपल्या उष्ण हवेतही त्याला टोपडे घालतात. अशा टोपड्याला पंचवीस-तीस ग्रॅम मऊ लोकर पुरते, म्हणजे एक उरलेला गुंडा. कर्करोगाच्या उपचारात केस गेलेल्यांना मऊ सुती धाग्याची टोपी बरी वाटते, टोचणारी लोकर नको. दोऱ्याच्या तुकड्यांतून प्रार्थनापुस्तकात ठेवायला क्रुसाचे लहान चिन्ह भरता येते. त्याला तीनशे फुल्या पुरतात, म्हणजे तीन तास. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांना अशी भेट देता येईल. द्यायच्या आधी मात्र रुग्णालयात किंवा संस्थेत विचारावे की त्यांना काय हवे आहे. आपली पेटी रिकामी व्हावी म्हणून दुसऱ्याची भरू नये. आणि जे आपल्या हातून होणारच नाही, ते शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलीला सुयांसकट देऊन टाकावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात म्हटले होते की वस्तू फेकून न देता योग्य हेतूने पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती होऊ शकते. योग्य हेतूने, हे शब्द विसरू नयेत.

ज्यांच्या घरी सुई-दोरा नाही, त्यांची पेटी वेगळी असेल. न वाचलेली पुस्तके, गॅरेजमधले लाकूड, भेटायला येतो म्हणून अनेकांना दिलेले शब्द. हिशेब सर्वांचा सारखाच आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (९:३६-४२) यापो नगरातील तबीथा म्हणजे दुर्कस हिची हकिकत आहे. ती आजारी पडून मरण पावली. पेत्र आला, तेव्हा गावच्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने आपल्यासोबत असताना केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या घरी किती सूत शिल्लक होते, याची नोंद शास्त्रात नाही. तिने जे केले ते तिच्या पेटीत नव्हते, लोकांच्या अंगावर होते.

आपलीही पेटी एक दिवस दुसरे कुणी उघडेल. तोवर हातात असलेले एक काम पुरे करू या. ते झाले की दुसरे घेऊ, आणि अधूनमधून मोशेची ती दवंडी आठवू. आपल्याला दिलेल्या दोऱ्याचा आणि दिलेल्या दिवसांचा नीट वापर करण्याची बुद्धी प्रभू आपल्याला देवो.